माहिती कंपनीकडून फुटली. दाद कोठे मागावी?

प्रश्न : आम्ही एका फायनान्स कंपनीकडून हप्त्यांवर मोटारसायकल घेतली आहे. गेल्या महिन्यात कंपनीचा संदेश आला, की काही ग्राहकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे. आठच दिवसांत एका माणसाचा फोन आला. यजमानांचे पूर्ण नाव, गाडीचा नंबर, एवढेच नव्हे तर ३,२४० रुपयांचा हप्ता सात तारखेला कापला जातो, हेही त्याला ठाऊक होते. शेवटचे दोन हप्ते माफ करतो, ओटीपी सांगा, असे तो म्हणाला. मी फोन ठेवून दिला. पैसे गेलेच नाहीत तर तक्रार कसली, असे सगळे म्हणतात. हे बरोबर आहे का?
— एक भगिनी, यावल तालुका

उत्तर : ताई, त्या माणसाला हप्त्याची तारीख ठाऊक होती, हीच आपल्या हातातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. नाव आणि गाडीचा नंबर कोठूनही मिळतो. हप्त्याची रक्कम आणि तारीख मात्र कंपनी, बँक आणि आपण एवढ्यांनाच माहीत असते. म्हणून कंपनीचा तो संदेश पुसू नका, त्याचा आणि आलेल्या फोनच्या नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या आणि संभाषण आठवेल तसे, तारीख-वेळेसह, आजच वहीत लिहून ठेवा.

बैल गेला आणि झोपा केला, असे कोणी म्हणेल. पण फुटलेली माहिती पुन्हा पुन्हा वापरली जाते, त्यामुळे उशिरा लावलेली कडीही कामाची असते. बँकेचा पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला. कागदपत्रांत आधारची प्रत दिली असेल, तर एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठ्याने पैसे निघतात, तेथे ओटीपी लागत नाही. लॉक असेल तर तो मार्ग बंद होतो. मात्र रेशन दुकानात अंगठा देण्यापूर्वी ते तात्पुरते उघडावे लागते, नाहीतर धान्य न घेताच परतावे लागेल. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसते. नावावर परस्पर कर्ज निघाले आहे का, हे पाहण्यासाठी कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चौघींकडून एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला, तर वर्षभर लक्ष राहते.

आता तक्रारीबद्दल. पैसे गेलेले नसले, तरी फसवणुकीच्या अशा फोनची माहिती संचार साथीवरील 'चक्षू' या सुविधेत देता येते; ती अशाच प्रसंगांसाठी आहे. पुढे कधी पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसानीची जबाबदारी ग्राहकावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे फोन ठेवून आपण कायद्याच्या दृष्टीनेही योग्यच केले.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. माझी कोणती माहिती गेली, कधी गेली आणि त्यावर आपण काय केले, एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते; त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

नव्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड असल्याचे वाचून अनेक जण भरपाईची आशा धरतात. तो दंड सरकारी तिजोरीत जातो, ग्राहकाच्या खात्यात नाही. शिवाय २०२३ च्या या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतील, असे त्यांत म्हटले आहे. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३अ उपयोगी आहे. निष्काळजीपणामुळे बँक खात्यासारखी संवेदनशील माहिती फुटून नुकसान झाले, तर पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. परंतु नुकसान दाखवावे लागते, आणि आज तरी आपल्याकडे ते दाखवण्यासारखे नाही. त्यामुळे या घडीला मुंबईच्या फेऱ्या मारण्याचा सल्ला मी देणार नाही. सेवेतील त्रुटीसाठी जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात मात्र जाता येते, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. मुदत दोन वर्षांची आहे. तेव्हा आधी कंपनीचे उत्तर येऊ द्या.

प्रश्न : मी कापसाचा व्यापारी आहे. दिवाणजीने चाळीसेक शेतकऱ्यांच्या पासबुकांचे फोटो चुकून दुसऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. आम्ही काही कंपनी नाही. आम्हाला हे कायदे लागू होतात का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : होतात. कलम ४३अ मधील व्याख्येत एकट्या मालकाची पेढीही येते, त्यामुळे वर ताईंना सांगितलेला दावा आपल्यावरही होऊ शकतो. माहिती फुटल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावे, असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. फोटो सर्वांसाठी डिलीट करा, पण त्यापूर्वी कोणते फोटो, किती वाजता आणि कोणत्या ग्रुपवर गेले, याची नोंद करा. मग त्या चाळीसही जणांना आजच फोन करून बँकेत सावध राहायला सांगा. ग्रुपवर माफीचा संदेश टाकला, म्हणजे शेतकऱ्यांना कळवले, असे होत नाही. त्या ग्रुपमध्ये ते नाहीतच.