दहा बाय अकराच्या खोलीत थिएटर

ताई, नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तिची बेडरूम रिकामी आहे. मिस्टरांना आता निवृत्तीनंतर तिथे सिनेमाची खोली करायची आहे. खोली १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ. टॉवर नवा आहे, मायवानचा. डीलरने साडेतीन लाखांचं कोटेशन दिलंय : ७.२.४ स्पीकर, प्रोजेक्टर आणि १०० इंची स्क्रीन, चारही भिंतींना फोम, दोन रिक्लायनर. यातलं काय ठेवू, काय काढू?
– एक गृहिणी, ठाणे पश्चिम

कोटेशन नीट वाचलं. ७.२.४ म्हणजे बसणाऱ्याच्या भोवती सात स्पीकर, दोन सबवूफर (फक्त बेसचे, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या सुरांचे डबे) आणि छताला चार. एकूण तेरा. ११० चौरस फुटांत हे तेरा डबे मांडायचे आणि वर दोन रिक्लायनर, जे पाय पसरल्यावर पाच-साडेपाच फूट खातात. डीलरने तुमची खोली बघितली होती का, हा माझा पहिला प्रश्न. बहुधा नाही, कारण कोटेशनात खोलीचं माप कुठेच नाही.

आणि तुमच्या बाबतीत माप हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक सूर अडकून घुमतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की तो सूर मिळतो. तुमच्या ११ फुटांत तो ५१ हर्ट्झला येतो, १० फुटांत ५६ ला, आणि साडेनऊ फुटी उंचीत ५९ ला. तिन्ही जवळजवळ एकाच जागी. ठाणे स्टेशनात तीन लोकल एकाच प्लॅटफॉर्मवर सोडल्या तर जे होईल ते तुमच्या खोलीत बेसचं होणार : स्फोट, ढोल, गाडीचं इंजिन, सगळं एकाच सुरात ‘धूं’. त्यात मायवान म्हणजे सगळ्या भिंती काँक्रीटच्या. जिप्समची पार्टिशन थोडा तरी बेस पिते किंवा पलीकडे जाऊ देते. काँक्रीट सगळा परत खोलीत फेकतं.

आता फोमकडे या. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी २२ फुटांच्या पुढे जाते. एक इंची फोमला ती लाट दिसतही नाही. फोम फक्त वरचे बारीक आवाज पितो. चारही भिंती मढवल्या की संवादातली धार जाईल आणि बेसची घुमघुम तशीच राहील. म्हणजे पैसे देऊन खोली बिघडवणं. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. बंद खोलीत चारही भिंतींना ते लावायचं हे मला मुळीच पटत नाही. फोम काढा.

त्याऐवजी सुताराकडून लाकडी फ्रेमचे चार पॅनेल करून घ्या, दोन बाय चार फुटांचे, आत ४८ घनतेचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), चार इंच जाड, वरून साधं सुती कापड. दोन पाठीमागच्या भिंतीला आणि एकेक डाव्या-उजव्या भिंतीला, जिथून पुढच्या स्पीकरचा आवाज आपटून कानावर येतो तिथे. ती जागा शोधायची रीत सोपी आहे. तुम्ही सोफ्यावर बसा, मिस्टर भिंतीला चिकटवून आरसा सरकवत नेतील, आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करा. जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला घसघशीत पडदा. रॉकवूल कापताना सुताराला मास्क आणि हातमोजे द्या, नाही तर दिवसभर अंग खाजवत बसेल.

सबवूफर दोन ठेवा, ती एक गोष्ट डीलरने बरोबर लिहिली आहे, पण लहान आणि सारखे. एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. समोरासमोर ठेवले की लांबीतली घुमघुम बरीचशी एकमेकांना मारते. एकच घेणार असाल तर त्याची जागा अशी ठरवा : सबवूफर सोफ्यावर, म्हणजे तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस भरपूर असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने खाली वाकून फिरा. जिथे बेस सगळ्यात सफाईदार ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. मी हे लोकांना करायला सांगते तेव्हा घरातली पोरं हसतात, पण ऐकल्यावर गप्प बसतात.

बाकी स्पीकर पाच पुरेत. पुढे तीन, आणि बाजूचे दोन कानाच्या रेषेच्या थोडे मागे. सातातले मागचे दोन तुमच्या खोलीत बसतच नाहीत, कारण सोफा आणि भिंत यांत फूट-दीड फूटच उरणार. छतातले चार विसरा. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, आणि साडेनऊ फुटांत फॉल्स सीलिंग टाकून आणखी अर्धा फूट घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. आवाज छतावर आपटवणारे स्पीकरही डीलर सुचवील. त्यांना सपाट, मोकळं छत लागतं. तुमच्या छताच्या मधोमध पंखा आहे.

तोच पंखा प्रोजेक्टरलाही आडवा येतो. मागच्या भिंतीवरून निघालेला प्रकाश पंख्याच्या पात्यांतून गेला की पडद्यावर लपलप दिसते. प्रोजेक्टर खाली उतरवला तर तो डोक्यावर येतो, आणि त्याच्या स्वतःच्या पंख्याची घरघर कानाशी. ११ फुटांत तुमचे डोळे पडद्यापासून साडेआठ फुटांवर असतील. तेवढ्या अंतरावर ७५ इंची टीव्ही नजरेचा ३५ अंशांचा कोन व्यापतो. सिनेमासाठी ३० ते ४० अंश छान समजतात. १०० इंच तिथे ४६ अंशांवर जातो. थिएटरात पहिल्या रांगेत बसायला आवडत असेल तर घ्या. टीव्ही घेतलात तर दुपारी खिडकी उघडी ठेवून क्रिकेटही बघता येईल, आणि निवृत्त माणूस दुपारी क्रिकेट बघतोच.

मायवानच्या भिंतीबद्दल शेवटचं, आणि हे गंभीर आहे. त्या भिंती इमारतीचा भार वाहतात. वायर लपवायला त्यांना झिरी मारायची नाही. इलेक्ट्रिशियन म्हणेल, “मॅडम, अर्धा इंचच तर काढतो.” नाही म्हणायचं. वायरी स्कर्टिंगच्या वरून केसिंग-कॅपिंगमधून न्या आणि भिंतीचाच रंग द्या. महिन्याभरात दिसेनाशी होते. स्पीकरची वायर १४ गेजची, शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर तांब्याची म्हणून मिळते. सुरीने टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदारासमोरच खरवडा, त्याला राग आला तर पुढच्या दुकानात जा.

अ‍ॅम्प्लिफायर वॉटवर निवडू नका. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. तुमच्या खोलीला चांगल्या कंपनीचा सगळ्यात लहान ५.१ किंवा ५.२ रिसीव्हरही (सगळे स्पीकर ज्याला जोडायचे ते मुख्य खोकं) पुरून उरेल. खोक्यावर ‘पीएमपीओ’, म्हणजे फुगवून सांगितलेले वॉट, लिहिलं असेल तर ते खोकं खाली ठेवा. टीव्हीला ईएआरसीचं, म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरला पाठवणारं एचडीएमआय पोर्ट आहे ना, एवढं बघा.

रिक्लायनर एकच घ्या. दुसऱ्याच्या जागी साधी बैठी खुर्ची, पाठ खांद्यापर्यंतच येईल अशी. कानामागे उंच गादी आली की बाजूच्या स्पीकरचा आवाज अडतो.


दादा-ताई जे असाल ते, प्रश्न असा : कोपरखैरण्यात आमचं रो हाउस आहे, शेजाऱ्यांशी सामाईक भिंत. त्यांचा नातू यंदा दहावीला आहे. थिएटरची खोली नेमकी त्याच भिंतीला लागून. साउंडप्रूफिंगवाला म्हणतो फोम लावा, मेहुणा म्हणतो अंड्यांचे ट्रे लावा.
– एक वाचक, नवी मुंबई

अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी ठेवा. फोमचं वर लिहिलंच आहे : तो खोलीच्या आतला आवाज मवाळ करतो, भिंतीपलीकडे जाणारा अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, फटी बुजवाव्या लागतात आणि दोन भिंती एकमेकींपासून सुट्या ठेवाव्या लागतात.

खरा उपाय म्हणजे सामाईक भिंतीपुढे दुसरी भिंत. पत्र्याची फ्रेम, जुन्या भिंतीला न टेकवता, मधे इंचभर मोकळं. फ्रेममध्ये रॉकवूल, वरून साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. कडेने सगळीकडे लवचिक सीलंट. यात खोलीचे चार-साडेचार इंच जातात. सुतार सवयीने फ्रेम जुन्या भिंतीत स्क्रूने ठोकेल, तिथे उभं राहून लक्ष ठेवा. दोन भिंती एकमेकींना जिथे टेकल्या तिथून आवाज पलीकडे गेला.

मात्र तेवढं करण्याआधी साध्या गोष्टी. दार पोकळ असेल तर भरीव फ्लश डोअर, चौकटीला रबर, खाली ड्रॉप सील, म्हणजे दार लावलं की खालची फट बुजवणारी पट्टी. सरकत्या खिडकीतून खूप आवाज जातो, तिला दुसरी काच. सबवूफरखाली जाड रबराचे पाय, कारण त्याचा हादरा लादीतून चालत जातो आणि त्याला भिंत अडवत नाही. रिसीव्हरवर नाइट मोड असतो, तो मोठे आवाज दाबतो आणि संवाद तसेच ठेवतो. रात्री तोच लावा.

मग एकदा तुमचा नेहमीचा आवाज लावून शेजाऱ्यांकडे चहाला जा आणि मुलाच्या टेबलापाशी उभे राहा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण दहावीच्या मुलाला ३० डेसिबलचा ‘धूं धूं’सुद्धा नको असतो. मार्चपर्यंत रात्री सबवूफर बंदच ठेवा. मेहुण्याला मी सांगितलं म्हणून सांगा.


आमचे सासरे ७८ वर्षांचे आहेत. नवा टीव्ही आणला तेव्हापासून म्हणतात, गाणी मोठी आणि बोलणं कळत नाही. आवाज वाढवला की आम्ही बसू शकत नाही. होम थिएटर घेतलं तर फरक पडेल का?
– एक सून, नौपाडा

पडेल, पण आधी फुकटचं करून बघा. ओटीटीच्या अ‍ॅपमध्ये ऑडिओ ५.१ असेल तर साधा स्टिरिओ निवडा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तुमच्या टीव्हीला तो नाही, मग काही टीव्ही ते मिसळताना बारीक करून टाकतात.

त्याने भागलं नाही तर ३.१ साउंडबार, म्हणजे मधला स्पीकर वेगळा असलेला. पाच स्पीकर लागत नाहीत. बार युनिटच्या खणात आत सरकवू नका, अगदी कडेला पुढे ठेवा. नवे टीव्ही इतके पातळ असतात की त्यांचे स्पीकर खाली नाही तर मागे तोंड करून बसवलेले असतात. सासरेबुवांना आवाज भिंतीकडून परत येऊन मिळतोय.

आणि कान तपासून घ्या. वयाबरोबर आधी वरचे सूर जातात. स, श, त, क हे वर्ण त्यातच असतात. म्हणून ‘ऐकू येतं पण कळत नाही’ अशी तक्रार होते. ऑडिओमेट्रीला अर्धा तास लागतो. त्यांना ‘कानाच्या डॉक्टरकडे चला’ म्हणू नका, ‘टीव्हीवालीने तपासायला सांगितलंय’ म्हणा. मालिकांचं पार्श्वसंगीत कमी करा असं मात्र मी कुणाला सांगू?


सीवूड्सला राहतो. पावसाळ्यात प्रोजेक्टर आणि स्पीकर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत का?
– एक वाचक

नको. प्लास्टिकच्या आत ओल कोंडते आणि भिंगावर बुरशी धरते. उपकरणं आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालवा, त्यांची स्वतःची ऊब त्यांना कोरडं ठेवते. खोलीत एसीचा ड्राय मोड. युनिट एमडीएफचं करू नका, फुगतं. मरीन प्लाय घ्या, शिक्का आयएस ७१० चा. रिसीव्हरच्या वर चार बोटं जागा आणि मागे जाळी ठेवा. स्पीकर वायरची टोकं वर्षातून एकदा नव्याने सोला, खाडीच्या हवेत तांबं काळं पडतं.


सोन्याचा मुलामा असलेली महाग एचडीएमआय केबल घेतली तर चित्र सुधारतं का?
– एक विद्यार्थी, वाशी

नाही. चित्र येतं, नाही तर तुटतं किंवा चमचमतं. जास्त चांगलं येत नाही. चार-पाच मीटरपर्यंत प्रमाणित साधी केबल घे, हायस्पीडचं लेबल बघून. त्यापुढे ४के न्यायचं असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय. तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. पाइपमधून ओढण्याआधी ते वाच, आणि ओढण्याआधी जमिनीवर पसरून एकदा चालवून बघ.