फुकट मिळालेलं मॉडेल, विकलेला गेम आणि आलेली नोटीस

प्रश्न : मी फ्रीलान्स थ्रीडी आर्टिस्ट आहे. एका गेम कंपनीच्या कामात मोफत डाउनलोड केलेलं कोरीव सिंहासनाचं मॉडेल वापरलं. रिटोपॉलॉजी केली, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागाची जाळी नव्याने बांधली, आणि टेक्स्चर (त्यावर चढवलेलं रंगकाम) नव्याने रंगवलं. गेम विक्रीला आल्यावर मूळ कलाकाराची नोटीस आली : लायसन्स ‘सीसी बाय-एनसी ४.०’ (श्रेय देऊन फक्त बिगर-व्यावसायिक वापराची मुभा) होतं, भरपाई द्या. ‘सर्व काम माझं स्वतःचं’ असं मी कंपनीला करारात लिहून दिलंय. इतकं बदलूनही मी दोषी ठरतो का?

उत्तर : बदलाचा बचाव घेऊ नका, तो टिकणं फार अवघड आहे. अमुक टक्के बदललं की मॉडेल आपलं होतं, हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी चांगले कलाकार अडचणीत येतात. पाहिलं जातं ते मूळ कलाकाराची निर्मिती तुमच्या कामात उरली आहे का, हे. रिटोपॉलॉजीने जाळी नवी होते, आकार तोच राहतो. त्यात नॉर्मल मॅप (बारीक उठाव दाखवणारं चित्र) मूळ हाय-पॉलीवरून, म्हणजे बारकाव्यांसह घडवलेल्या मूळ मॉडेलवरून बेक केला, म्हणजे उतरवून घेतला असेल, तर त्याचं कोरीवकाम तुमच्या फाइलमध्ये जसंच्या तसं आलेलं आहे.

एक शक्यता मात्र तपासा. सिंहासन कल्पनेतलं आहे की एखाद्या खऱ्या सिंहासनाची हुबेहूब नक्कल? अमेरिकेत २००८ साली मेशवर्क्स विरुद्ध टोयोटा खटल्यात, खऱ्या गाड्यांवरून तंतोतंत उतरवलेल्या मॉडेलांना कॉपीराइट नाकारला गेला. कल्पनेतल्या नक्षीला हा निकाल उपयोगी नाही.

आता मुदत. या लायसन्सच्या सहाव्या कलमाप्रमाणे अट मोडताच तुमचे हक्क आपोआप संपतात. चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर आपोआप परत मिळतात. म्हणून नोटीस मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. पण परत मिळतो तो बिगर-व्यावसायिक वापराचाच हक्क, आणि झालेल्या वापराची भरपाई मागायला कलाकार मोकळाच राहतो. म्हणजे मॉडेल गेममधून काढायचं किंवा व्यावसायिक लायसन्स घ्यायचं. काढणार असाल तर ट्रेलर आणि स्टोअरवरची चित्रंही बदलावी लागतील. हे हमखास राहून जातं.

कंपनीला आजच लेखी कळवा. नोटीस त्यांना दुसरीकडून समजली तर करारातलं नुकसानभरपाईचं कलम तुमच्यावर जास्त कडकपणे लावलं जाईल. त्या कलमात रकमेला मर्यादा आहे का, तेही पाहा.

काहीही डिलीट करू नका. मूळ झिप, त्यातली लायसन्सची टेक्स्ट फाइल, डाउनलोडची तारीख, त्या पानाचा स्क्रीनशॉट, सगळं जपा. नोटिशीला उत्तर छोटं द्या, कबुली न देता : मालकीचा पुरावा मागा, म्हणजे मूळ सोर्स फाइल आणि काम सुरू असतानाचे तारखेसह रेंडर (मॉडेलवरून काढलेली चित्रं). दुसऱ्याचं मॉडेल आपल्या नावाने टाकणारे कमी नाहीत, आणि चुकीच्या माणसाला पैसे दिले तर खरा मालक पुन्हा दारात येतो.

पुरावा पटला तर तडजोड करा. करारात गेम प्रसिद्ध झाल्या दिवसापासूनचा व्यावसायिक वापर, पुढचे अपडेट आणि जाहिराती, मागचे सर्व दावे सोडल्याचं कलम आणि कंपनीचं नाव, एवढं असलंच पाहिजे. दोघांच्या सह्या होईपर्यंत रक्कम पाठवू नका.