पांढरी पाचचा ब्लूज : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही रोरी ब्लॉक या अमेरिकी गिटारवादिकेबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी डेल्टाच्या जुन्या ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) गायकांना तिने एकेक अल्बम वाहिला: २००६ मध्ये रॉबर्ट जॉन्सनला, २००८ मध्ये सन हाऊसला, २०१४ मध्ये स्किप जेम्सला. त्यावर बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातून बरीच पत्रं आली. त्यातले हे पाच प्रश्न.

ट्यूनर लावून गिटार ई-ए-डी-जी-बी-ई अशी बरोबर लावतो, कॉर्डही पाठ आहेत. तरी रॉबर्ट जॉन्सनचा बाज काही येत नाही. चूक बोटांची की गिटारची? (टिळकवाडी, बेळगाव)

चूक तारा लावण्यातली. जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातली स्लाइडची (बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवलेली) बहुतेक गाणी 'ओपन' लावणीतली (ट्यूनिंगमधली) आहेत, म्हणजे तारा मोकळ्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजतो. पेटी येत असेल तर हे दोन मिनिटांत समजेल. ओपन जीमध्ये षड्ज पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे जी). जाड तारेकडून बारीक तारेकडे सूर असे: प सा प सा ग प. आपल्या नेहमीच्या लावणीतून इथे यायला सहावी, पाचवी आणि पहिली या तीनच तारा एकेक पूर्ण सूर उतरवायच्या. सहावी (सगळ्यात जाड) ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी.

उतरवताना एक सवय लावून घ्या. हव्या सुराच्या थोडं खाली जा आणि मग वर चढवत सुरावर या. वरून खाली येऊन थांबलात तर तार नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत अडकून राहते आणि पहिल्याच जोरदार घावाला सटकते. खाचेत शिसपेन्सिलीचं टोक फिरवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आता स्लाइड. पाचव्या फ्रेटवर (मानेवरची आडवी धातूची पट्टी) आडवी धरली की मध्यमाचा कॉर्ड, सातव्यावर पंचमाचा, बाराव्यावर पुन्हा षड्जाचा. बोटाने दाबताना आपण फ्रेटच्या अलीकडे दाबतो. स्लाइड मात्र फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर हवी, नाहीतर सूर उतरा लागतो. तारेला नुसती टेकवायची, दाबायची नाही. स्लाइडच्या मागे, म्हणजे नटच्या बाजूला, मोकळी बोटं तारांवर हलकेच पसरून ठेवा. ती ठेवली नाहीत तर मागचा तुकडाही वाजतो आणि सगळा गलका होतो.

बाज अडतो तो मात्र गंधारावर. तिसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट म्हणजे कोमल ग, चौथा म्हणजे शुद्ध ग. ब्लूजचा गंधार या दोन्हींच्या मधे, बराचसा कोमलाकडे झुकलेला असतो आणि तिथेही तो स्थिर राहत नाही. पेटीवर तो सापडणार नाही. मींड ऐकलेल्या कानाला लगेच सापडतो. आधी गळ्यातून काढा, मग स्लाइडने त्याच्यामागे जा. आणि जुन्या रेकॉर्डबरोबर वाजवताना ट्यूनर बाजूला ठेवा. त्या काळच्या तबकड्यांचा वेग एकसारखा नसे, त्यामुळे गाणं पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधेही कुठे लागू शकतं.

पावसाळ्यात तारा उंच होतात आणि लावलेला सूर टिकत नाही. नेकमधला रॉड (मानेचा वाक बदलणारी सळी) पिळायचा का? (खानापूर)

नको. तुमच्याकडच्या पावसात अखंड लाकडाचा वरचा पत्रा ओल पिऊन फुगतो, त्याच्याबरोबर घोडी वर उचलली जाते आणि तारा उंच होतात. नेक बहुधा सरळच असते. रॉड पिळलात तर दिवाळीनंतर लाकूड सुकेल आणि तारा फ्रेटवर खरखरू लागतील. गिटार केसमध्ये ठेवा. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत हवा. अथणीकडच्या वाचकांना उन्हाळ्यात उलटा त्रास होतो: पत्रा खाली बसतो, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. स्लाइडसाठी बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच ते तीन मिलिमीटर उंच चांगलीच, म्हणजे खानापूरचा पाऊस इथे थोडी मदतच करतो.

स्लाइड इथे मिळत नाही. बाटलीची मान कापून चालेल का? (निपाणी)

चालते, पण कापलेल्या काचेच्या कडा घासताना बोटं जातात. त्यापेक्षा बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या लेथवर पितळी नळी कातून घ्या. लांबी ६० मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर. आतला व्यास करंगळी मोजूनच सांगा, १८ च्या आसपास येईल. बोट दुसऱ्या पेरापर्यंत जावं आणि हात झटकला तरी नळी पडू नये. जाडी ३ केलीत तर वजन ६५ ग्रॅमवरून १०० ग्रॅमवर जातं आणि करंगळी दमते. दोन्ही कडा गोल करायला सांगा. बाहेरून ४००, ८०० आणि १२०० नंबरचा पॉलिश पेपर मारून घ्या. लेथचे चरे राहिले की तारेवर किरकिर ऐकू येते. तारांचा संच ०.०१२ इंचापेक्षा (पहिल्या तारेची जाडी) बारीक नको. सैल लावणीत बारीक तार स्लाइडखाली दबून फ्रेटला लागते.

आमचा तबलजी चांगला आहे, पण ब्लूजमध्ये त्याची सम हुकते. (चिकोडी)

हिशेब त्याला त्याच्या भाषेत सांगा. बार म्हणजे चार मात्रांचा गट, तेव्हा बारा बारचा ब्लूज म्हणजे ४८ मात्रा, म्हणजे त्रितालाची तीन आवर्तनं. प्रत्येक ओळीला एक आवर्तन, पहिली ओळ दोनदा, मग तिसरी. पहिलं आवर्तन षड्जावर, दुसरं अर्धं मध्यमावर आणि अर्धं षड्जावर, तिसऱ्यात पंचम-मध्यम-षड्ज. लय तिस्र आहे, प्रत्येक मात्रेचे तीन भाग.

एवढं करूनही तो हुकेल, कारण मूळ गायकच मोजून गात नसत. चार्ली पॅटन, सन हाऊस, जॉन्सन, सगळे जागा वाटेल तिथे दोन मात्रा जास्त घेत. एकटे असल्यामुळे त्यांना कोणी अडवणारं नव्हतं. तुम्हाला साथ हवी असेल तर आवर्तन पक्कं करा आणि मूळची सैल मोजणी सोडून द्या. ती सोडवत नसेल तर तबला नको, प्लायवूडच्या फळीवर बुटाच्या टाचेचा ठेका पुरे. दोन्ही एकदम जमत नाही.

वाचनालयात अर्ध्या तासाचा 'डेल्टा ब्लूजला मानवंदना' असा कार्यक्रम आहे. गिटार एकच. क्रम कसा ठेवू आणि शब्द मराठीत आणावेत का? (शहापूर, बेळगाव)

शब्द इंग्रजीच ठेवा, गाण्याआधी मराठीत दोन वाक्यांत अर्थ सांगा. मराठीतच गायचं असेल तर भाषांतर न करता नवीन ओळी लिहा. सोळा मात्रांपैकी पहिल्या नऊ-दहा मात्रांतच शब्द संपवा, उरलेली जागा गिटारच्या उत्तराची. आपल्याकडे ती जागा शब्दांनी भरायचा मोह फार होतो.

क्रम लावणीप्रमाणे ठेवा. आधी ओपन जीची दोन गाणी. मग ओपन डी: सा प सा ग प सा, षड्ज पांढरी दोन. त्यासाठी पाचवी एक सूर वर, तिसरी अर्धा सूर खाली, दुसरी एक सूर खाली. बाकी तारांना हात लावू नका. शेवटी तीच तिसरी तार आणखी अर्धा सूर उतरवा, ग कोमल झाला की स्किप जेम्सची लावणी तयार. त्याचं १९३१ चं 'डेव्हिल गॉट माय वुमन' याच लावणीतलं. गाण्यांच्या मधे निवेदनाला कोणी तरी बसवा, तारा लावायला मिनिटभर तरी लागतो. 'वन्समोअर' आला तर ओपन जीकडे परतू नका. चढवलेल्या तारा लगेच उतरतात. त्याच कोमल गंधारातलं आणखी एक गाणं बसवून ठेवा.