डाइन, न्यूटन, केजीएफ आणि टन : ९.८१ ने कधी गुणायचं आणि कधी नाही?

तुम्ही विचारलंय की लॅबमधल्या जुन्या मशीनची डायल टनांत आहे, काँक्रीटचा क्यूब ४५ टनांवर फुटला आणि रिपोर्टमध्ये ताकद न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये लिहायची आहे. एक मित्र १० ने गुणायला सांगतो, दुसरा ९.८१ ने, आणि पुस्तकात डाइन आला की सगळंच गडबडतं. मी मटेरियल टेस्टिंगमध्येच काम करतो आणि हा घोळ नव्या मुलांच्या वहीत सतत दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोष्टक पाठ करण्याआधी समोरचं एकक कुठल्या घरातलं आहे ते बघा. बलाच्या मेट्रिक एककांची घरं दोनच. एका घरात बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, बस्स. १ किलोग्रॅमला १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारं बल म्हणजे १ न्यूटन. १ ग्रॅमला १ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारं बल म्हणजे १ डाइन. किलोग्रॅममध्ये १००० ग्रॅम आणि मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून १ न्यूटन = १,००,००० डाइन. बरोब्बर एक लाख. किलोन्यूटन म्हणजे हजार न्यूटन, मेगान्यूटन म्हणजे दहा लाख. या घरात पृथ्वीचा संबंधच नाही, त्यामुळे ९.८१ इथे कधीच येत नाही. नुसती शून्यं सांभाळायची.

दुसरं घर वजनाचं. किलोग्रॅम-बल (साइटवर आपण केजीएफ म्हणतो किंवा नुसतं ‘केजी’), ग्रॅम-बल, टन-बल. १ किलोग्रॅम वस्तुमानाला पृथ्वी जेवढ्या जोराने ओढते तेवढं बल म्हणजे १ केजीएफ. पण पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते, गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्गच्या आसपास. म्हणून १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ९.८०६६५ हा आकडा ठरवून टाकला. १ केजीएफ = ९.८०६६५ न्यूटन, अगदी नेमकं; १ टन-बल = ९.८०६६५ किलोन्यूटन. मुंबईतलं प्रत्यक्ष गुरुत्व त्वरण ९.७९ च्या जवळ आहे, पण केजीएफचं न्यूटन करताना ते वापरायचं नाही. ते लागतं एखाद्या वस्तूचं मुंबईतलं खरं वजन न्यूटनमध्ये काढताना. केजीएफ हे एकक आहे, त्याची किंमत गावागणिक बदलत नाही.

तेव्हा घरातल्या घरात फिरताना दहाचे घात, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाताना ९.८०६६५. हाताने हिशेब असेल तर ९.८१ चालतं, फरक हजारात अर्ध्याहूनही कमी पडतो.

आता तुमचा क्यूब. १५० मिलिमीटरचा असेल तर क्षेत्रफळ १५० × १५० = २२,५०० चौरस मिलिमीटर. ४५ × ९.८०६६५ = ४४१.३ किलोन्यूटन, म्हणजे ४,४१,३०० न्यूटन. भागिले २२,५००, उत्तर १९.६. तुमच्या मित्राने १० ने गुणून ४५० किलोन्यूटन धरले की उत्तर नेमकं २० येतं आणि एम २० चा (म्हणजे २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या काँक्रीटचा) क्यूब अगदी काठावर बसतो. दोन टक्क्यांचा फरक एरवी कुणी बघणार नाही, पण इथे नेमका काठावर पडतो. खरे २० हवे असतील तर डायलवर ४५.९ टन दिसायला हवेत. एम २५ ला ५७.४, एम ३० ला ६८.८.

मग ‘४५ टनांना २० चा क्यूब’ हे जुने लोक का सांगतात? कारण त्यांच्या काळात ते बरोबर होतं. १९६४ च्या आयएस ४५६ मध्ये (काँक्रीट बांधकामाची भारतीय मानक संहिता) काँक्रीटची प्रत किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये होती, एम १५०, एम २०० अशी. ४५,००० केजीएफ भागिले २२५ चौरस सेंटिमीटर, बरोबर २००. १९७८ च्या आवृत्तीत न्यूटन आले आणि एम २०० च्या जागी एम २० आलं. जुने २०० नव्या मापात १९.६ होतात. कोष्टक बदललं, तोंडी हिशेब तसाच राहिला, आणि त्यासाठी मी जुन्या लोकांना दोष देणार नाही.

एका क्यूबच्या १९.६ ने घाबरू मात्र नका. तीन क्यूबची सरासरी म्हणजे एका नमुन्याचा निकाल, आणि स्वीकाराचा निर्णय संहितेत दिलेल्या निकषांवर होतो. पण आकडा १९.६ च लिहायचा.

भार देण्याच्या वेगातही हेच लागतं. १९५९ च्या आयएस ५१६ मध्ये (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचण्यांचं भारतीय मानक) तो मिनिटाला सुमारे १४० किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दिला होता. २२५ ने गुणा : ३१,५०० केजीएफ, म्हणजे मिनिटाला साधारण ३०९ किलोन्यूटन, सेकंदाला पाच किलोन्यूटनच्या थोडं वर.

डाइन तुम्हाला भेटेल तो बहुधा पृष्ठताणाच्या गणितात. तिथे एक सोय आहे : १ डाइन प्रति सेंटिमीटर म्हणजे १ मिलिन्यूटन प्रति मीटर. २० अंशांना पाण्याचा पृष्ठताण ७२.८, दोन्ही मापांत आकडा तोच.

परीक्षेत पेपरवरच १० घ्या असं छापलेलं असेल तर बिनधास्त १० घ्या. लॅबच्या वहीत मात्र आधी डायलवरचे टन जसेच्या तसे लिहा, खालच्या ओळीत किलोन्यूटन, त्याखाली ताकद. नुसते किलोन्यूटन लिहिले तर तुम्ही कशाने गुणलं हे तपासणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही.