लहानपणीची सुपरहिरो कार्टून्स आज पुन्हा पाहिली तर तितकीच भारी वाटतात का? की तो सगळा आठवणींचा परिणाम असतो?

तुम्ही प्रश्नाखाली असंही लिहिलंय की नवी कार्टून्स दिसायला कितीतरी सरस असूनही तुम्हाला ती 'लागत' नाहीत, आणि म्हणून दोष कार्टून्सचा की वयाचा हे कळत नाही. माझं उत्तर असं की जुन्यांपैकी थोडी खरंच उत्तम होती, बरीचशी नव्हती, आणि कुठली कुठल्या गटात हे घरबसल्या तपासता येतं.

आवडत्या मालिकेचा आवडता भाग पुन्हा लावू नका. सुरुवातीची धून वाजली की तुमचा निकाल लागलेलाच असतो. त्याऐवजी त्याच मालिकेतला तुमच्याकडून तेव्हा हुकलेला एखादा भाग शोधा. त्याच्याशी तुमचं काहीच नातं नाही, त्यामुळे त्याला स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं. त्याहून कडक परीक्षा हवी असेल तर तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचं कार्टून पाहा.

मी स्वतः यासाठी फ्लायशर स्टुडिओचा सुपरमॅन सुचवीन. १९४१ ते १९४३ या काळात चित्रपटगृहांत मुख्य सिनेमाआधी दाखवायला १७ लघुपट तयार झाले. पहिले ९ फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओतले, उरलेले ८ फेमस स्टुडिओजचे. पहिल्याच लघुपटाला ऑस्करचं नामांकन होतं. 'द मेकॅनिकल मॉन्स्टर्स' हा त्यातला दुसरा. एक शास्त्रज्ञ खटके ओढून प्रचंड यंत्रमानवांकडून बँका आणि जवाहिरे लुटतो. पत्रकार लोइस लेन बातमीसाठी सरळ एका यंत्रमानवाच्या पोटात शिरून बसते. शेवटी वितळलेला धातू वरून कोसळतो आणि सुपरमॅन आपला केप पसरून तिला आडोसा देतो. तेवढा एकच क्षण नीट बघा. केपवरून ओघळणाऱ्या धातूला वजन आहे, सुपरमॅनच्या खांद्यांवर ताण आहे, लाल उजेड दोघांच्या अंगावर हलतोय. हे सगळं हाताने, चित्रामागून चित्र काढून केलेलं. या लघुपटाशी माझं कुठलंही बालपण जोडलेलं नाही, तरी मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. अर्थात या १७ मध्ये सगळंच जपावं असं नाही. युद्धकाळातल्या 'जॅपोटियर्स'मध्ये जपानी माणसांचं जे चित्रण आहे ते आज सहन होत नाही, आणि व्हायलाही नको.

यानंतर टीव्ही आला आणि पैसा आटला. १९६७ च्या स्पायडरमॅनच्या पोशाखावर जाळी फक्त मुखवटा, हातमोजे आणि बुटांवर दिसते, बाकी अंग सपाट निळं-लाल. प्रत्येक चित्रात जाळीच्या रेघा ओढणं परवडणारं नव्हतं म्हणून. पुढच्या सीझन्समध्ये तर झोक्यांची तीच तीच दृश्यं फिरून फिरून येतात. दोन भाग तर 'रॉकेट रॉबिन हूड' नावाच्या दुसऱ्याच मालिकेतलं चित्रण उचलून उभे केलेत. स्पायडरमॅनचं शीर्षकगीत आजही कुणालाही डोलायला लावेल, पण त्यापुढची वीसेक मिनिटं मला सलग बघवली नाहीत. १९७३ पासूनच्या 'सुपर फ्रेंड्स'ची अडचण निराळी. तेव्हा मुलांच्या कार्यक्रमांतल्या हिंसेवरून अमेरिकेत पालकांच्या संघटना आक्रमक झाल्या होत्या. परिणाम असा की जगातले सर्वांत बलवान लोक एकत्र जमतात आणि कुणाला साधा ठोसाही मारत नाहीत. आठवणीत ही मालिका रंगीत आणि भव्य असते. पडद्यावर ती बहुतांश उभं राहून बोलण्यात जाते.

आता १९९० च्या दशकाकडे येऊ, कारण हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात तोच काळ असतो. इथे मला दोन मालिका शेजारी ठेवायच्या आहेत. दोन्ही मुलांसाठीच्या, दोन्ही फॉक्स वाहिनीवर सुरू झालेल्या, दोन्हींवर वाहिनीची कात्री.

१९९४ चा स्पायडरमॅन मला जीव की प्राण होता. त्यातल्या बंदुकांतून गोळ्यांऐवजी किरण सुटायचे. स्पायडरमॅन ठोसा जवळजवळ मारतच नाही, ढकलतो नाहीतर जाळ्यात गुंडाळतो. मॉर्बियस हा रक्तपिपासू खलनायक, पण त्याला दात लावायची परवानगी नव्हती. म्हणून त्याच्या तळहातांना चूषकं दिली आणि तो माणसांतला 'प्लाझ्मा' ओढून घेतो. माझी भाची, जिला या मालिकेबद्दल कुठलीही माया नाही, तो भाग बघताना सारखी विचारत होती की हा नक्की काय पितोय आणि कशासाठी. तिचा प्रश्न रास्त होता. निर्मात्यांनी अडचणीवर पट्टी बांधली आणि ती पट्टी दिसते. असं असूनही या मालिकेत एक गोष्ट शाबूत आहे, ती म्हणजे मुखवट्यामागच्या पीटर पार्करचं सततचं ओढाताणीचं आयुष्य, आणि कथा भागांमागून भाग पुढे नेण्याची हिंमत. भाचीनेही शेवटी पीटरचं काय झालं हे विचारलंच.

आणि 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज', सप्टेंबर १९९२. यातल्या 'रॉबिन्स रेकनिंग' या दोन भागांच्या कथेत लहानग्या डिकचे, म्हणजे पुढे बॅटमॅनचा साथीदार रॉबिन होणाऱ्या मुलाचे, आईवडील सर्कशीत झोक्यावरून पडून मरतात. मुलांच्या कार्यक्रमात हा मृत्यू दाखवता येणार नव्हता. मग काय केलं? झोका चौकटीबाहेर जातो. परत येतो तो नुसता तुटलेला दोर. किंकाळी नाही, देह नाही, आणि त्या दोराकडे बघताना पोटात खड्डा पडतो. बंधन तेच, पण इथे कुणीतरी बसून विचार केला की न दाखवता सांगायचं कसं. या कथेच्या पहिल्या भागाला १९९३ मध्ये प्राइमटाइम एमी मिळाला, म्हणजे मोठ्यांच्या कार्यक्रमांसोबत दिला जाणारा पुरस्कार. माझ्या लेखी जुनं कार्टून टिकतं की नाही ते इथे ठरतं. पैसा कमी होता का, कात्री होती का, हे जवळजवळ सगळ्यांच्याच वाट्याला आलं. त्या अडचणीतून त्यांनी पळवाट काढली की काही नवं घडवलं, एवढंच आज पडद्यावर उरलेलं असतं.

याच मालिकेची पार्श्वचित्रं एरिक रडोम्स्की यांनी काळ्या कागदावर रंगवायची पद्धत आणली. एरवी पांढऱ्या कागदावर अंधार भरत जातात. इथे अंधार आधीपासून आहे आणि चित्रकार फक्त लागेल तेवढा उजेड ठेवतो. त्यामुळे गॉथम शहर कुठल्याच ठराविक सालातलं वाटत नाही, आणि जे कुठल्या सालातलं नसतं ते जुनंही दिसत नाही. शर्ली वॉकर यांच्या देखरेखीखालचं संगीत खऱ्या वाद्यवृंदाने वाजवलेलं. केव्हिन कॉनरॉय यांनी ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅनला, एक आवाज दिला आणि बॅटमॅनला दुसरा. नीट ऐकलंत तर कळतं की खोटा आवाज ब्रूसचा आहे.

तुमचा प्रश्न वाचल्यावर मला या मालिकेतला एक भाग लगेच आठवला, कारण तो याच प्रश्नावर बेतलेला आहे. 'बिवेअर द ग्रे घोस्ट'. ब्रूस लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून 'ग्रे घोस्ट' नावाची टीव्ही मालिका बघायचा. आता शहरात हुबेहूब त्या मालिकेतल्यासारखे स्फोट होतायत. त्या नायकाचं काम करणारा सायमन ट्रेंट म्हातारा झालाय, त्या एका भूमिकेच्या छापामुळे त्याला कुणी काम देत नाही, भाडं भरायला तो आपल्याच मालिकेच्या जुन्या वस्तू विकतोय. ट्रेंटला आवाज कुणाचा? ॲडम वेस्ट यांचा. १९६६ च्या टीव्हीवरच्या बॅटमॅनचं काम केलेले आणि पुढे तोच शिक्का कपाळी घेऊन जगलेले ॲडम वेस्ट. शेवटी बॅटमॅन त्याला आपल्या गुहेत नेतो आणि दाखवतो की ही जागा ग्रे घोस्टच्या अड्ड्यावरूनच बेतलीय, तिथे त्या मालिकेच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. आपलं आयुष्य फुकट गेलं नाही हे त्या म्हाताऱ्याला तिथे कळतं. मला दर वेळी इथे भरून येतं. पण लेखक तिथेच थांबले नाहीत. स्फोट घडवणारा माणूसही त्याच मालिकेचा चाहता आणि खेळण्यांचा वेडा संग्राहक आहे. आणखी खेळणी घ्यायला पैसे हवेत म्हणून तो रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्यांतून बॉम्ब पाठवतो. त्याला आवाज दिलाय मालिकेच्या निर्मात्यांपैकीच एक, ब्रूस टिम यांनी. एकाच कार्टूनवर प्रेम करणारी दोन मुलं मोठी झाली. एकाने त्यातून जगायला काहीतरी घेतलं आणि दुसऱ्याने फक्त वस्तू जमवल्या. आठवणींबद्दल इतकं स्वच्छ बोलणारा दुसरा भाग मला माहीत नाही.

एक्स-मेन या जन्मतः शक्ती असलेल्या नायकांच्या तुकडीबद्दल थोडक्यात. १९९२ ची मूळ मालिका आज पाहिली तर चित्रं ताठर वाटतात आणि संवाद घाईघाईत म्हटल्यासारखे. पण पहिल्याच दोन भागांच्या कथेत त्यांनी एक सहकारी गमावला आणि तुकडीतल्याच बीस्टला तुरुंगात टाकून बराच काळ तिथेच ठेवला. मुलांच्या कार्यक्रमात चुकीची किंमत इतके आठवडे मोजायला लावणं तेव्हा विरळाच. २०२४ मध्ये तीच कथा पुढे नेणारी 'एक्स-मेन ९७' आली. तीच धून आणि अनेक तेच आवाज, त्यात वुल्व्हरिनचे कॅल डॉड आणि रोगच्या लेनोर झॅनही. पहिले काही भाग ती तुम्हाला तुमच्या लहानपणात रमवते. मग पाचव्या भागात जेनोशा या त्यांच्यासारख्यांच्या बेटावर जे होतं ते बघून मी बराच वेळ पुढचं काही लावू शकलो नाही. ते काय, हे सांगत नाही, तुम्हीच बघा. जुन्या ओळखीचा असा वापर मला मान्य आहे. ती माया ज्यांनी कमावली होती, त्यांच्याच कामाच्या जोरावर हा घाव इतका खोल बसतो.

नवी लागत नाहीत, या तुमच्या तक्रारीत मला अर्धं तथ्य दिसतं. 'द स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन' (२००८-०९) मी मोठेपणी पाहिली, म्हणजे तिला आठवणींचा काहीही आधार नव्हता, आणि तरीही १९९४ च्या माझ्या लाडक्या मालिकेपेक्षा ती सरस आहे हे मला मान्य करावं लागलं. पात्रांची रेखाटनं मुद्दाम साधी ठेवली, त्यामुळे मारामाऱ्या पाण्यासारख्या वाहतात. एका भागात तीन टोळीप्रमुखांची हाणामारी ऑपेराच्या गाण्यावर चालते आणि एकही फटका तालाबाहेर पडत नाही. २६ भागांत ती बंद पडली, याची हळहळ अजून आहे. 'इन्व्हिन्सिबल'मध्ये (२०२१ पासून) रक्ताचे पाट वाहतात म्हणून ती मोठ्यांची, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी बाप मुलाला मरेस्तोवर मारतो आणि विचारतो की पाचशे वर्षांनी तुझ्याकडे उरणार काय. रक्ताने माखलेला मुलगा म्हणतो, तुम्ही उराल, बाबा. मालिका त्या उत्तरावर उभी आहे, रक्तावर नाही. याच मापाने बघितलं तर काहीही न सांडता तितकंच खोल जाणारा भाग २००५ मध्ये येऊन गेलाय. 'जस्टिस लीग अनलिमिटेड'मधल्या 'एपिलॉग'मध्ये एस नावाची मुलगी मरणाच्या दारात आहे आणि तिच्या शक्ती सगळ्यांना धोकादायक ठरतायत. बॅटमॅनच्या हाती तिला मारायचं शस्त्र दिलं जातं. तो ते वापरत नाही. तिच्या शेजारच्या झोपाळ्यावर बसतो आणि शेवटपर्यंत उठत नाही.

तक्रारीचं उरलेलं अर्धं मात्र बघण्याच्या सवयीत आहे. लहानपणी एक भाग संपला की पुढच्याची वाट बघावी लागायची आणि त्या मधल्या दिवसांत डोक्यात तोच घोळायचा, खेळातही तोच यायचा. आता चार भाग सलग बघून आपण पाचव्याच्या मध्यात झोपतो. नव्या मालिकेलाही एकदा तसा वेळ देऊन बघा. आज एक भाग, पुढचा आठवड्याने, मध्ये फोनवर त्याबद्दल काही वाचायचं नाही.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर आधी 'बॅटमॅन'चा 'हार्ट ऑफ आइस'. मिस्टर फ्रीझ हा तोवर बर्फाची बंदूक मिरवणारा किरकोळ खलनायक होता. पॉल डिनी यांनी त्याला गोठवून ठेवलेली आजारी बायको आणि एक न संपणारं दुःख दिलं, आणि पुढे कॉमिक्सनेही त्याची हीच कहाणी स्वीकारली. बायकोच्या आजाराचं थोडं जड वाटू शकतं, म्हणून लहान मूल सोबत असेल तर आधी एकट्याने बघा. त्यानंतर 'द मेकॅनिकल मॉन्स्टर्स', तो जेमतेम दहा मिनिटांचा आहे आणि मुलांना हमखास आवडतो. तुमची लाडकी मालिका कुठली ते प्रश्नात लिहिलेलं नाही. ती सांगितलीत तर तिच्यातले सहसा हुकणारे भाग कुठले, ते मी आनंदाने शोधून देईन.