'=' वाचायचं कसं: बरोबर, झाले की म्हणजे?

मालवणजवळच्या शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. मुलं ८ + ४ = १२ हे 'आठ अधिक चार झाले बारा' असं वाचतात. 'झाले' चालू द्यावं, 'बरोबर'च म्हणायला लावावं, की 'म्हणजे'?

'झाले' मुलांच्या घरातूनच येतं. मालवणीत 'आठ आणि चार किती जाले?' असंच विचारतात. पण हे क्रियापद आहे, त्यामुळे त्यात आधी आणि नंतर येतं: आधी आठ-चार, मग बारा. पाढ्यात तर चिन्हाला शब्दच नाही. 'बे दुणे चार' म्हटलं की उत्तर आपोआप पुढ्यात. एवढं ऐकून झाल्यावर मुलाला '=' दिसतं, आणि ते त्याला 'आता उत्तर लिही' असा हुकूम वाटतं.

८ + ४ = □ + ५ देऊन पाहा. बरीच मुलं चौकटीत १२ लिहितील, काही सगळं मिळवून १७. उत्तर ७ आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिलं नव्हतं. सगळ्यांची उत्तरं १२ किंवा १७. म्हणजे सगळा दोष मराठी शब्दावर टाकता येत नाही. मुलांना गणितंच तशी मिळतात: बेरीज नेहमी डावीकडे, रिकामी जागा उजवीकडे. १२ = ८ + ४ लिहिलं तर 'बाई, उलटं लिवलास' म्हणतील.

'झाले'चा आणखी एक प्रताप: ३ + ५ = ८ + २ = १०. तीन नि पाच झाले आठ, त्यात दोन, झाले दहा. बोलण्यात हे अगदी सुरळीत आहे. कागदावर मात्र ३ + ५ हे १० इतके झाले! दोन पायऱ्या दोन ओळींत लिहून घ्याव्यात.

'बरोबर'ला वेगळी अडचण. 'सोबत' हा अर्थ मालवणी घरात फारसा आड येत नाही, तिथे त्यासाठी 'वांगडा' हा शब्द आहे. पण वहीवरच्या लाल खुणेलाही आपण 'बरोबर'च म्हणतो, त्यामुळे पुन्हा उत्तराचाच वास.

त्यापेक्षा बाजारातले वाटे दाखवा. एका वाट्यात चार मोठे बांगडे, दुसऱ्यात सहा लहान, पैसे तेवढेच. कुठला वाटा कुठल्याचं 'उत्तर' नाही. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली हे चिन्ह छापलं, तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा निवडल्या, कारण याहून समान दोन गोष्टी असू शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या काळी समीकरणाचे दोन पक्ष, म्हणजे दोन बाजू, एकाखाली एक मांडत, मध्ये चिन्ह नसे. मला ती मांडणी आवडते. तिच्यात उत्तराची ठरलेली उजवी बाजूच नाही.

तेव्हा बाईंना माझं उत्तर: वाचताना 'बरोबर' राहू द्या, पुस्तकातही तेच आहे. समजावताना 'म्हणजे' उत्तम. 'डझन म्हणजे बारा, बारा म्हणजे डझन' दोन्हीकडून चालतं. 'झाले' असं उलटत नाही. आणि चौकटीचं गणित असलं की 'किती झाले?' टाळून विचारा, 'आठ अधिक चार, तेवढेच व्हायला पाचात किती मिळवू?'