डॉगफूडमध्ये साल्मोनेला कसा सापडतो?

प्रश्न: कोरडं फूड तर गरम करूनच बनवतात, मग त्यात साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, कसा? वासावरून कळतं का?

उत्तर: वासावरून अजिबात नाही हो, दाणे मस्त कुरकुरीत असले तरी जंतू असू शकतात. उष्णतेने ते मरतात हे खरं, पण नंतर चवीसाठी दाण्यांवर चरबी फवारतात ना, तिथे पुन्हा शिरायची भीती असते. लॅबमध्ये २५ ग्रॅम फूड पोषक द्रावणात ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात, कारण अर्धमेले जंतू आधी सावरावे लागतात, मग जंतू वाढवायच्या प्लेटवर मधोमध काळा ठिपका असलेल्या वसाहती (जंतूंचे पुंजके) दिसल्या की संशय, आणि पुढे खात्रीची टेस्ट. कुत्रा ठणठणीत असला तरी विष्ठेतून जंतू पसरू शकतात, म्हणून वाटी भरून झाली की साबणाने हात धुवाच, घरात तान्हं बाळ असेल तर विसरूच नका.